तठे काय शे? लोणारबद्दल खानदेशातून चार शब्द

पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तेव्हा वाचा, पण पूर्ण वाचा आणि मग भांडा.

दिवाळी उलटली की आपल्याकडे शाळांच्या सहली निघतात. ओळखीच्या मास्तर मंडळींना मी दर वर्षी विचारतो, "यंदा लोणारला का नाही नेत पोरांना?" उत्तर ठरलेलं असतं. "तठे काय शे? खड्डा शे एक!" मग बस वॉटर पार्कला जाते, फार तर शिर्डी-वेरूळ होतं. सगळा दोष मास्तरांवर टाकणं बरोबर नाही. त्यांनाही कुणी कधी सांगितलं नाही. तठे काय शे, हे सांगायची जबाबदारी ज्यांची होती त्यांनी ती पार पाडली नाही. त्यात सरकार आहे, विद्यापीठं आहेत आणि आम्ही पेपरवालेही आहोत.

म्हणून आधी तेच सांगतो.

जामनेर-बोदवडची शीव ओलांडली की बुलढाणा जिल्हा लागतो. त्याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला लोणार. जमिनीत जवळपास गोल असं विवर, व्यास सुमारे १.८ किलोमीटर. काठावर उभं राहिलं तर तळ जवळजवळ १४० मीटर खाली. म्हणजे चाळीस-पंचेचाळीस मजली इमारत आत उभी केली तर तिची गच्ची काठाला लागेल. तळाशी खाऱ्या, अल्कधर्मी पाण्याचं सरोवर. आणि त्याच विवराच्या उतारावर गोड्या पाण्याचे झरे. गोमुखाची धार तर काठावरच आहे. एकाच खड्ड्यात खारं आणि गोडं पाणी शेजारी नांदतं.

हे विवर उल्कापाताने झालं. जगभरात अशी खात्रीने सिद्ध झालेली विवरं दोनशेच्या आसपास आहेत. भारतात लोणार, मध्य प्रदेशातलं ढाला, राजस्थानातलं रामगढ अशी मोजकीच नावं. पण लोणारची गोष्ट निराळी आहे, ती दगडामुळे. लोणार ज्या दगडात आहे तो बेसॉल्ट, आपला नेहमीचा काळा पाषाण. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर. जळगाव, धुळे, अजिंठा सगळं ह्याच थरांवर बसलंय. चंद्रावर आपल्याला जे काळे डाग दिसतात तेही बेसॉल्टचेच. मंगळाचा मोठा भाग बेसॉल्टचा. म्हणजे चंद्रावर किंवा मंगळावर उल्का आदळल्यावर दगडाचं नेमकं काय होतं, हे पृथ्वीवर पायी फिरून बघायचं तर इतकी तरुण आणि इतकी शाबूत दुसरी जागा नाही.

२३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ उतरलं. आपल्या चौकाचौकात फटाके फुटले, पेढे वाटले. मीही खाल्ले, आनंदच होता. पण चंद्रावर यान उतरलं म्हणून छाती फुगवणाऱ्या आपल्या गावांतल्या किती जणांनी चंद्राच्या जातीचं हे विवर पाहिलंय? एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे हो.

आता व्हॉट्सॲप विद्यापीठाकडे येऊ.

लोणारचं नाव काढलं की दोन प्रकारचे मेसेज येतात. पहिला, "तिथे होकायंत्र चालत नाही, नासाचे शास्त्रज्ञ हादरले." अहो, बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं, लोहचुंबकी खनिज. असल्या दगडाजवळ होकायंत्राचा काटा थोडाफार हलतो, त्यात हादरण्यासारखं काही नाही. दुसरा मेसेज, "आपल्या पूर्वजांनी हा उल्कापात पाहिला होता, पुराणात लिहून ठेवलंय." लवणासुराची कथा मला फार आवडते. जमिनीखाली दडलेला दैत्य, विष्णूने दैत्यसूदन होऊन त्याच्या बिळाचं झाकण उडवलं, दैत्य मारला, आणि ते खारं पाणी त्याचंच. गावातलं दैत्यसूदनाचं मंदिर बघा, दगडातलं काम बघत राहावं असं आहे. ही कथा म्हणजे इथल्या माणसांनी ह्या विचित्र जागेला दिलेलं उत्तर आहे, आणि सुंदर उत्तर आहे. पण कथेला कथा म्हणून मान द्या. तिला प्रयोगशाळेचा दाखला करायला गेलात तर कथेचीही चेष्टा होते आणि विज्ञानाचीही.

२०२० च्या जूनमध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं तेव्हा आमच्या धंद्याने काय केलं, तेही आठवा. "गूढ", "रहस्य", "चमत्कार". चार दिवस मथळे चालले. पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितलं की पाणी आटून क्षार वाढले, आणि अति खाऱ्या पाण्यात वाढणारे, गुलाबी रंगद्रव्य तयार करणारे सूक्ष्मजीव त्यात माजले. ही बातमी किती जणांनी वाचली? रहस्य पहिल्या पानावर, उत्तर आतल्या पानावर, बिचारं सिंगल कॉलम. आणि खरं सांगायचं तर उत्तर रहस्यापेक्षा जास्त रंगतदार होतं.

आता मुद्द्यावर येतो. लोणार म्हणजे नुसता "निसर्गरम्य देखावा" असं जे समजतात त्यांच्याशी माझं भांडण आहे. लोणार हा पुरावा आहे. पंचनामा अजून चालू असलेल्या जागेसारखी ती जागा आहे, आणि आपण तिथे मंडप घालायच्या गोष्टी करतोय.

पुरावा कसा, ते बघा. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने ह्या जागेची नोंद केली. त्यानंतर जवळपास दीडशे वर्षं वाद चालला. बहुतेक जाणकार म्हणत होते की हे ज्वालामुखीचं काम. सगळा मुलूखच लाव्हाचा, तेव्हा खड्डाही लाव्हाचाच, असा तर्क. ऐकायला पटण्यासारखा. पण लाव्हाचे थर साडेसहा कोटी वर्षांचे आणि हे विवर त्यामानाने कालचं पोर. मग तळात भोकं पाडून खालचे दगड वर काढले गेले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मिळून ते तपासले आणि १९७३ मध्ये 'सायन्स' ह्या नियतकालिकात निष्कर्ष छापला. त्या दगडांत मॅस्केलिनाइट सापडलं. फेल्डस्पार नावाच्या खनिजाला प्रचंड धक्का बसला की ते न वितळताच काचेसारखं होतं, ते हे. एवढा दाब ज्वालामुखीच्या आवाक्यात नाही. तो आभाळातून आलेल्या धोंड्याचाच. वाद मिटला, तो जमिनीखालच्या मूठभर दगडांनी मिटवला.

पण दुसरा वाद मिटलेला नाही. विवराचं वय किती? एका पद्धतीने मोजलं तर सुमारे ५२ हजार वर्षं. २०११ मध्ये दुसऱ्या पद्धतीने, आरगॉन वायूच्या प्रमाणावरून मोजलं तर सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं. दहापटीहून जास्त फरक! कोर्टात दोन साक्षीदार एवढे वेगळे बोलले तर न्यायाधीश काय म्हणतील? जागेवर जा, पुन्हा पुरावा आणा. तो पुरावा अजून तिथेच आहे. विवराच्या भिंतीत, तळाच्या गाळात आणि काठाबाहेरच्या शेतांत.

हो, शेतांत. हा भाग कुणीच सांगत नाही. उल्का आदळली तेव्हा आतला दगड फुटून, वितळून बाहेर उडाला आणि भोवती पसरला. त्याची चादर काठापासून बाहेर सरासरी १४०० मीटरपर्यंत आहे. लोणार गावाचा मोठा भाग तिच्यावरच वसलाय. आता शाळेतलं गणित करू. विवराची त्रिज्या ९०० मीटर धरा, त्यात १४०० मिळवा, २३०० मीटर झाले. त्या वर्तुळाचं क्षेत्रफळ साधारण १६६० हेक्टर. आणि २०२० मध्ये लोणारला रामसर पाणथळ म्हणून आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला, तो ४२७ हेक्टरला. म्हणजे ज्याचं कौतुक आपण जगाला सांगतो ते मूळ प्रकरणाच्या जेमतेम पाव हिस्सा. बाकीचा पाऊण हिस्सा म्हणजे नांगर, विहिरी, रस्ते, प्लॉट आणि जेसीबी. रामसर दर्जा पाण्यासाठी, पक्ष्यांसाठी असतो, तो त्याच्या जागी योग्यच. पण पाण्याचं रक्षण झालं म्हणजे विवराचं झालं असं नाही. जेसीबीने एकदा ती चादर उकरून भरावात टाकली की तिच्यावर अपील नाही. वाघ वाढवता येतात, झाडं लावता येतात, मंदिर दुरुस्त होतं. ही चादर पुन्हा अंथरायला दुसरी उल्का लागेल.

इथे मला वाळवंटातलं एक विवर आठवतं. अमेरिकेत ॲरिझोनाच्या कोरड्या माळावर बॅरिंजर विवर आहे, व्यास सुमारे १.२ किलोमीटर, म्हणजे लोणारहून लहान. वय ५० हजार वर्षांच्या घरात. तिथेही हाच वाद झाला. गिल्बर्ट हा त्या काळचा मोठा भूशास्त्रज्ञ, तो म्हणाला वाफेचा स्फोट. डॅनियल बॅरिंजर नावाचा खाणवाला म्हणाला, नाही, उल्का आहे, आणि तिचं लोखंड खाली पुरलंय. १९०३ मध्ये त्याने जागेवर हक्क मिळवला आणि पंचवीसेक वर्षं लोखंड शोधत पैसा ओतला. लोखंडाचा डोंगर निघाला नाही. १९२९ मध्ये हिशेब मांडून त्याला सांगण्यात आलं की उल्का त्याला वाटते त्याहून कितीतरी लहान होती आणि बरीचशी धक्क्यातच संपली. त्याच वर्षी तो वारला. उल्केबद्दल मात्र त्याचंच खरं होतं. १९६० मध्ये शूमेकर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तिथल्या दगडांवरून ते पक्कं केलं. पुढे चंद्रावर जाणाऱ्या अपोलोच्या अंतराळवीरांना त्याच विवरात सराव दिला गेला.

आज ती जागा बॅरिंजर कुटुंबाच्या मालकीची आहे. तिकीट आहे, संग्रहालय आहे, धंदा चालतो. पण पर्यटकाला विवराच्या तळाशी उतरू देत नाहीत. काठावरून बघा, माहीतगार माणूस सोबत घेऊन काठाने थोडं चाला आणि घरी जा. पैसा कमावणाऱ्या खासगी मालकालाही कळतं की आतली जागा तुडवली गेली तर उद्या दाखवायला काही उरणार नाही.

आता लगेच कुणीतरी म्हणेल, "भाऊ, त्यांचं वाळवंट आहे. तिथे ना गाव ना शेत. आपल्याकडे माणसं राहतात, त्यांनी काय करायचं?"

आक्षेप एकदम बरोबर आहे. वाळवंटातलं विवर कोरड्या हवेने राखलं, माणसं नव्हती म्हणून राहिलं. आपलं विवर गावाच्या कुशीत आहे. माणसांनी तिथे शेकडो वर्षं देवळं बांधली, कमळजा देवीची जत्रा भरवली, सरोवरातून खार काढला. ऐन-ई-अकबरीतसुद्धा ह्या भागातल्या काच-साबणाला लागणाऱ्या मालाचा उल्लेख आहे. त्या खाराच्या प्रतींना दल्ला, पापडी, भुसकी अशी नावं होती. म्हणून गावाला गुन्हेगार ठरवून कुंपण घालणं हा काही उपाय नाही. मी त्याच्या विरोधातच आहे. पण "माणसं राहतात" ह्या वाक्याचा सोयीने वापर होतो त्याची मला चीड आहे. वर्षानुवर्षं गावाचं सांडपाणी विवराकडे वाहत राहिलं, तेव्हा माणसं राहतात हे कुणाला आठवलं नाही. गटारयोजना ही माणसांसाठीच असते ना? विवराच्या आत वेडी बाभूळ माजली, झऱ्यांवर साबण-शांपूच्या आंघोळी झाल्या, काठाशी बांधकामं चढली. हे सगळं उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे मांडावं लागलं. गावातल्याच जागरूक लोकांनी याचिका केल्या, आणि न्यायालयाने कान धरला तेव्हा यंत्रणा हलली. साधं सांडपाणी वळवायला हायकोर्ट लागतं, ही कुठल्या विकासाची खूण?

२०२२ मध्ये राज्य सरकारने लोणारसाठी साधारण ३७० कोटींच्या आराखड्याला मंजुरी दिली. रक्कम ऐकून बरं वाटलं. पण इतकी वर्षं जिल्ह्याच्या गावी पत्रकारिता करून एक गोष्ट शिकलोय. आराखड्यात किती कोटी आहेत हे विचारू नये, पहिलं बिल कशाचं निघालं ते विचारावं. कारण आपल्याकडे कमान आधी उभी राहते. मग रंगीत दिवे, मग "आय लव्ह" लिहिलेली मोठी अक्षरं, मग फीत कापणं. सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं उद्घाटन करायला कुणाला उत्साह नसतो, गटारासमोर कोण फोटो काढणार?

म्हणून माझा क्रम सरळ लिहितो. पटला नाही तर तुमचा सांगा.

पहिलं, गावातून सांडपाण्याचा एक थेंबही विवरात जाणार नाही, आणि तो जात नाही हे पाण्याची तपासणी करून दर महिन्याला गावात फळ्यावर लावायचं.

दुसरं, झरे. सरोवराच्या पाण्याचं गणित झऱ्यांवर आणि पावसावर चालतं. भोवतालचा उपसा किती होतो, ह्याचा हिशेब ठेवायचा. पाणी फार आटलं तरी घात, फार वाढलं तरी घात. खारेपणा बदलला की त्यात जगणारे जीव बदलतात.

तिसरं, काठाबाहेरची चादर. तिच्यातले निदान चांगले उघडे भाग निवडून राखायचे. ज्या शेतकऱ्याच्या शेतात ते येतील त्याला नोटीस पाठवायची नाही, वर्षाला पैसे द्यायचे. जमीन त्याची, पुरावा सगळ्यांचा, मग भार एकट्या त्याच्यावर का?

चौथं, माणूस. गावातली पन्नास पोरं-पोरी घ्या, भूशास्त्राच्या लोकांकडून नीट शिकवा, ओळखपत्र द्या, दर ठरवून द्या. मॅस्केलिनाइट म्हणजे काय आणि लवणासुर कोण, दोन्ही सांगता आलं पाहिजे. आणि मराठीत सांगता आलं पाहिजे.

ह्यानंतर कमान बांधा. दोन बांधा, मी काही बोलणार नाही.

आता शेवटचा मुद्दा, आपल्या खानदेशाचा. "लोणार विदर्भात, आपले काय करनं शे?" असं म्हणणाऱ्यांसाठी.

१८४३ साली तेव्हाच्या खानदेशात माणेगावला उल्का पडली. लोकांच्या डोळ्यांदेखत. जगाच्या उल्कांच्या यादीत ती आजही ह्या गावाच्या नावाने नोंदली आहे. डायोजेनाइट जातीची, म्हणजे बहुधा मंगळ आणि गुरूच्या मधल्या वेस्टा ह्या मोठ्या लघुग्रहाचा तुकडा. आता तिचा अगदी थोडा अंश संग्रहालयांत शिल्लक आहे. जगातले अभ्यासक आपल्या गावाचं नाव घेतात, आणि आपल्या पोरांना ते ठाऊक नाही.

धुळे-नंदुरबारकडे माळावर लांबच लांब काळ्या दगडाच्या भिंती दिसतात. लोक म्हणतात राक्षसांनी बांधल्या. त्या डाइक आहेत. जमिनीच्या भेगांत लाव्हा गोठला, आजूबाजूचं झिजलं, भिंत उरली. दख्खनच्या लाव्हाचा अभ्यास करणाऱ्याला धुळे-नंदुरबारच्या ह्या भिंतींशिवाय पुढे जाता येत नाही. आपल्याला मात्र टेकडी दिसली की खडी दिसते.

आणि चाळीसगावजवळचं पाटण. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादव राजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी. त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून मठ काढला. तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा त्याचा शिलालेख पाटणला सापडला, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो १८६५ मध्ये उजेडात आणला. विचार करा. आठशे वर्षांपूर्वी ह्या मातीत ग्रह-ताऱ्यांचं गणित शिकवायची सोय होती, तिच्यासाठी दान दिलं गेलं आणि ते दगडावर कोरून ठेवलं गेलं. आज आभाळातून पडलेल्या दगडाने केलेलं विवर आपल्या शेजारच्या जिल्ह्यात आहे आणि ते पोरांना दाखवायला आपल्याला सहलीत जागा नाही.

तर एवढं करा. तुमच्या शाळेच्या पालकसभेत यंदा लोणारचा विषय काढा. "खड्डा आहे" म्हणाले तर वरच्यातल्या दोन गोष्टी सांगा. तुमचा आमदार कुठल्याही पक्षाचा असो, भेटला की विचारा की लोणारच्या पैशातून पहिलं बिल कशाचं निघालं. उत्तर लेखी मागा, माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. आणि लोणारला गेलात तर तिथला एकही दगड खिशात घालून आणू नका. घरच्या शोकेसमध्ये तो नुसता काळा दगड, तिथे असला तर साक्षीदार.

पोस्ट कॉपी करून पुढे पाठवायला माझी परवानगी लागत नाही. कुणाची आकडेमोड माझ्यापेक्षा बरी असेल तर खाली जरूर लिहा. पक्षाच्या नावाने भांडणाऱ्यांनी मात्र दुसरी भिंत शोधावी. हे विवर कुठल्याच पक्षाच्या राजवटीत झालेलं नाही, पण बुजलं तर ते आपल्याच काळात बुजेल.